यंत्र चालू आहे हे फोटोत दिसायला हवं: नवख्यांसाठी पहिल्या काही पायऱ्या

लहानपणी दळणाला पाठवलं की मी हमखास उशिरा घरी यायचो. रांग हा बहाणा होता. खरं कारण म्हणजे गिरणीचा पट्टा. मोटारीच्या छोट्या पुलीवरून गिरणीच्या मोठ्या पुलीवर जाणारा तो लांबलचक पट्टा, आणि त्याचा सांधा पुलीवरून गेला की येणारा टप्, टप्, टप् आवाज. डबा पायाशी ठेवून मी ते बघत राहायचो.

चाळिशीत कॅमेरा घेतला तेव्हा पहिल्याच रविवारी गेलो ते त्याच गिरणीत. शटर १/१००० सेकंदावर ठेवलं, १४० फोटो काढले. एकूण एक फोटो सुईसारखा स्पष्ट. मोठ्या ऐटीत गिरणीवाल्या मामांना दाखवले. मामांनी चष्मा वर केला, दोन-चार फोटो बघितले आणि म्हणाले, "बंद गिरणीचा फोटू काढलासा व्हय?"

तेव्हापासून गिरणी, गुऱ्हाळ, माग, लेथ, छापखाना असं करत बरीच वर्षं फिरतोय. ज्यांना यंत्रांचं वेड आहे आणि हातात कॅमेरा किंवा बरा मोबाइल आहे, त्यांचे निदान सुरुवातीचे हेलपाटे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

१. यंत्र जवळचं निवडा

पहिल्याच दिवशी साखर कारखाना किंवा रेल्वेचं वर्कशॉप डोक्यात घेऊ नका. तिथे परवानगीतच दोन महिने जातात आणि आत गेल्यावर कुठे बघावं तेच कळत नाही. गल्लीतली पिठाची गिरणी, रसवंतीचा चरक, मोटार रिवाइंडिंगचं दुकान, लेथवाला, कुठे शिल्लक असेल तर खिळ्यांचा (म्हणजे शिशाची अक्षरं जुळवून छापणारा) छापखाना, हे सगळं पायी जाण्याच्या अंतरावर असतं. कोल्हापूर-सांगलीकडे असाल तर हिवाळ्यात गुऱ्हाळं आहेतच. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावकडच्यांना यंत्रमाग दारातच. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातारांनी आणलेला. आजही तिथल्या काही गल्ल्यांतून चालताना मागांचा खडखडाट भिंतीतून ऐकू येतो.

नुसता आकार बघायची सवय लावायची असेल तर थांबलेली यंत्रंही पुरतात. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. पुण्यात कोथरूडच्या बाजूला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे तर सगळं हलतंही. बर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन जोडप्याने १९५९ पासून पुढे कित्येक दशकं पाण्याच्या टाक्या, खाणीवरचे मनोरे, झोतभट्ट्या यांचे फोटो काढले. सगळे ढगाळ उजेडात, सगळे समोरून, माणूस नाही, नाट्य नाही. मग एकाच जातीच्या टाक्या शेजारी शेजारी लावल्या की टाकीला चेहरा असतो हे लक्षात येतं. आपल्याकडच्या गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांवर हा प्रयोग कुणी तरी करायला हवा. मी सात टाक्यांनंतर सोडून दिला, मला हलणारं यंत्र लागतं.

२. कॅमेरा न घेता एकदा जाऊन या

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती.

जाऊन एकच गोष्ट शोधायची: काम नेमकं कुठे होतं? प्रत्येक यंत्रात अशी एक वीतभर जागा असते. बाकीचा सगळा पसारा तिच्यासाठी. लेथमध्ये जिथे टूल जॉबला, म्हणजे कातायच्या तुकड्याला, टेकतं आणि निळसर छिलका सुटतो ती. चरकात जिथे ऊस दोन लाटांमध्ये, म्हणजे फिरत्या रुळांमध्ये, शिरतो ती. छापखान्यातल्या ट्रेडल मशीनमध्ये कागद खिळ्यांवर टेकतो तो क्षणभराचा मिटलेला जबडा. मागावर उघडलेल्या ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, आडवा धागा नेणारा धोटा पार होतो ती फट. ती जागा सापडली की कुठे उभं राहायचं हे आपोआप ठरतं. ती सापडली नाही तर चकचकीत चाकांचे फोटो येतात आणि यंत्र काय करतं हे बघणाऱ्याला कळत नाही.

विचारायला लाजू नका. यंत्रावर काम करणाऱ्याला त्याच्या यंत्राबद्दल विचारलं की तो खुलतो. एका जॉबरने (माग दुरुस्त करणाऱ्याने) मला सांगितलं होतं की चाळीस मागांच्या खडखडाटातही कुठला माग 'बरा नाही' हे त्याला पाठमोरं असताना कळतं. मला तर सगळा एकच आवाज. मग त्याने मला पंधरा मिनिटं एका मागाजवळ उभं केलं आणि आवाजातले तुकडे बोटाने मोजून दाखवले: धोटा निघाला, धोटा पोचला, फणी बसली. त्या दिवशी एकही फोटो काढला नव्हता, पण पुढचे सगळे त्यातूनच निघाले.

यंत्र बंद असेल तीही वेळ हेरून ठेवा. गिरणीच्या दगडाला टाकी लावायची असते, म्हणजे छिन्नीने ठोकून धार आणायची असते, तेव्हा दोन्ही दगड उघडे होतात आणि आतल्या खाचा दिसतात. तसंच खंडेनवमी-दसऱ्याचं. यंत्र धुऊनपुसून, तेलपाणी करून, हळदकुंकू आणि झेंडूची माळ घालून ठेवलेलं. लेथच्या चकवर (जॉब पकडणाऱ्या फिरत्या तोंडावर) झेंडू बघितला नसेल तर जरूर बघा. मालक खुशीत असतो, पेढे मिळतात, 'या की आत' म्हणतात. साखर कारखान्यात गळीत हंगामाच्या तोंडावर बॉयलरचं अग्निप्रदीपन आणि गव्हाणीत मोळी टाकण्याचा कार्यक्रम असतो, त्या दिवशीही दार जरा सैल असतं.

३. परवानगी

गल्लीतल्या गिरणीला तोंडी विचारणं पुरतं. कारखान्याला कागद लागतो. मोठ्या कारखान्यात फाटकावर साहेबांचं नाव विचारून अर्ज पाठवायचा आणि वाट बघत बसायचं, असं मी तीन महिने केलं. उत्तर आलं नाही. शेवटी तिथल्याच एका फिटरच्या ओळखीने आठवड्यात काम झालं. तात्पर्य काय ते तुम्हाला कळलं असेल.

सोबत ठेवायचे कागद:

- अर्जाच्या दोन प्रती. एकीवर पोच घ्या. अर्जात कुठल्या खात्यात, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, छंद म्हणून की विक्रीसाठी, हे स्पष्ट लिहा.
- ओळखपत्राच्या झेरॉक्स, दोन-तीन.
- 'सुरक्षेचे नियम पाळीन' असं हमीपत्र. बहुतेक ठिकाणी त्यांचा छापील नमुना असतो.
- कॅमेरा आणि लेन्सचे सिरियल नंबर लिहिलेला कागद. फाटकावरच्या वहीत आत जाताना नोंद झाली नाही तर बाहेर येताना तुमचाच कॅमेरा तुमचा आहे हे पटवत बसावं लागतं. माझा पाऊण तास गेला आहे.
- आधी काढलेल्या फोटोंच्या पाच-सहा छापील प्रती. याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.

मालक नाही म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला फोटोचं वावडं नसतं, भीती असते. कुणी तपासणीला आलंय का, पेपरात काही छापून येईल का, शेजारचा आमचं डिझाइन उचलेल का. मागावरचं कापड, डाय, भिंतीवरचं ड्रॉइंग ही त्यांची रोजीरोटी असते. म्हणून मी आपणहून सांगतो, 'निघायच्या आधी सगळे फोटो दाखवतो, नको असेल तो तुमच्यासमोर काढून टाकतो.' हे वाक्य कुलपाच्या किल्लीसारखं चालतं. अट एवढीच की खरोखर काढून टाकायचा.

रेल्वेचं वेड असणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. रुळांवर उतरणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इंजिन जवळून बघायची हौस असेल तर नेरळ-माथेरान बघा. १९०७ ची, दोन फुटी रुळांची गाडी, वळणावर इतक्या हळू चालते की फोटो काढायला वेळच वेळ. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. धरण, वीजकेंद्र, बंदर, संरक्षण खात्याचा कारखाना इथे 'फोटो काढण्यास मनाई' हा फलक दिसला की विषय संपला. 'एकच काढतो' नाही.

४. अंगावर काय, पिशवीत काय

कॅमेऱ्याचा गळपट्टा चालत्या यंत्राजवळ गळ्यात घालू नका. मनगटाला बांधायचा छोटा पट्टा वापरा. ओढणी, मफलर, ओळखपत्राची दोरी, सैल बाही, मोकळे केस, अंगठी, कडं, काही नको. चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगासरशी बसणारे कपडे घालावेत हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. त्यामागे कुणाकुणाचे हात गेले असतील याचा विचार करावा.

पायात बंद बूट, कानात बोळे (मागांच्या शेडमध्ये तर हवेतच), कापूस किंवा पीठ उडत असेल तर मास्क. पिशवीत मऊ फडकी चार, एक विजेरी, सुटी बॅटरी.

एक सापळा लक्षात ठेवा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. एखादं चाक नेमक्या त्या तालाशी जुळलं तर ते थांबल्यासारखं किंवा उलटं हळू फिरल्यासारखं दिसतं. ते पूर्ण वेगात असतं. कॅमेऱ्यातून बघताना आधीच अंतराचं भान जातं, त्यात हे. म्हणून 'बंद दिसतंय' म्हणून हात पुढे करायचा नाही. चालकाला विचारायचं.

मागे मागे सरकत फोटो काढायचा नाही, हेही लिहून ठेवतो. मागे काय आहे ते कॅमेऱ्यात दिसत नाही. माझ्या मागे एकदा काकवीची बादली होती. गुळव्याने नंतर चहा पाजला, पण आधी जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

५. शटरचं गणित

मामांच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. शटर फार जलद ठेवलं की चालतं यंत्र थिजतं आणि बंद दिसतं. फार संथ ठेवलं की त्याचा धूर होतो. मधली जागा शोधायची.

माझी युक्ती अशी. मोटारीवर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, लिहिलेले असतात. गिरणीच्या मोटारीवर बहुधा १४४० च्या आसपासचा आकडा सापडेल. त्याला ६० ने भागा: सेकंदाला २४ फेरे. फोटोत चाकाचा पाव फेरा दिसला तर ते फिरतंय हे कळतं आणि त्याचा आकारही राहतो. म्हणजे २४ ला ४ ने गुणा, ९६. शटर १/१००. माझ्या पहिल्या फोटोंत १/१००० ला तेच चाक जेमतेम नऊ अंश सरकलं होतं, मग मामांना ते बंद का दिसणार नाही? मोठी पुली हळू फिरते, तिच्यासाठी आणखी संथ शटर लागेल. एका फोटोत दोन्ही येत असतील तर मोठीच्या बाजूने झुकतं माप द्या.

आणि १/१०० चा आणखी एक फायदा. १/१००, १/५०, १/२५ ही शटरं ट्यूबच्या मिणमिणण्याशी जुळतात, त्यामुळे फोटोवर काळे आडवे पट्टे येत नाहीत. १/२५०, १/५०० ला ते येतात आणि नवख्याला वाटतं कॅमेरा बिघडला. स्वस्तातल्या एलईडी दिव्यांखालीही हेच होतं.

साधा यंत्रमाग मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धोटा फेकतो. तिथे मी १/२५ किंवा १/१५ वर येतो. धोट्याची रेघ होते, फणी थरथरते, आणि विणून झालेलं कापड मात्र स्वच्छ राहतं. गुऱ्हाळाचा चरक संथ, तिथे १/८ सुद्धा चालतं. यंत्राचा न हलणारा भाग, म्हणजे सांगाडा, स्पष्ट यायलाच हवा. तोही हलला तर फोटो हललेला दिसतो, यंत्र नाही.

इथे ट्रायपॉडचा घोळ होतो. सगळे सांगतात ट्रायपॉड लावा. मागांच्या शेडमध्ये फरशीच थरथरत असते, आणि ट्रायपॉड ती थरथर इमानदारीने कॅमेऱ्यापर्यंत पोचवतो. तिथे पाय फाकवून, कोपर पोटाला लावून, श्वास सोडत हाताने काढलेला फोटो जास्त स्थिर येतो. दहा काढा, दोन जमतील.

मोबाइलवाल्यांनो, प्रो मोडमध्ये जा, तिथे शटर स्वतः ठरवता येतं. नाइट मोड आणि एचडीआर बंद करा. ते अनेक फोटो एकावर एक रचतात आणि हलत्या भागाची भुतं करतात. शिवाय मोबाइल फोटो एकदम टिपत नाही, ओळीओळीने वाचत जातो, म्हणून पंख्याची पाती केळीच्या पानासारखी वाकडी येतात. ही चूक जुनीच आहे. फ्रान्सच्या जाक-आंरी लार्तिगने १९१२-१३ च्या सुमारास शर्यतीच्या मोटारीचा फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याचा पडदा फटीफटीने सरकणारा, त्यात त्याने कॅमेराही मोटारीबरोबर फिरवलेला, त्यामुळे मोटारीचं चाक एका बाजूला लांबट कललं आणि मागची माणसं उलट्या बाजूला. बिघडलेला म्हणून बाजूला ठेवलेला तो फोटो पुढे वेगाचा सगळ्यात गाजलेला फोटो ठरला. तेव्हा वाकडी पाती पुसून टाकण्याआधी एकदा बघा.

६. उजेड

फ्लॅश नको. कामगार दचकतो, आणि चालत्या यंत्राजवळ दचकणं म्हणजे काय ते सांगायला नको. उजेड छपरातून येतो. कौलांतल्या काचा, पत्र्यातली भोकं, पश्चिमेची खिडकी. पिठाच्या किंवा कापसाच्या धुळीतून सकाळी तिरपा कवडसा येतो तेव्हा धूळच यंत्राचा आकार दाखवते. गुऱ्हाळावर पहाटे जा. रस उकळायच्या काहिलीवरची वाफ थंडीत दाट दिसते आणि चुलवाणात चिपाड पेटतं तेव्हा खालून तांबडा उजेड येतो.

तांबड्या उजेडावरून आठवलं. मार्गारेट बर्क-व्हाइट १९२० च्या दशकाच्या शेवटी क्लीव्हलंडच्या ओटिस पोलाद कारखान्यात गेली तेव्हा तिच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नव्हता. वितळलेल्या लोखंडाचा एवढा झगमगाट, आणि फोटो काळे. शेवटी मॅग्नेशियमच्या फ्लेअर पेटवून तिने ते साधलं. आपल्या कॅमेऱ्यांची तक्रार उलटी आहे: त्यांना तांबडं फार दिसतं आणि भट्टीचा नुसता लाल गोळा होतो. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) दीड-दोन स्टॉप, म्हणजे मापं, खाली आणा, म्हणजे ज्वाळेला पदर येतील.

वेल्डिंगच्या ठिणगीकडे डीएसएलआरच्या भिंगातून बघायचं नाही. ते उघड्या डोळ्यांनी बघण्यासारखंच आहे. लेझर कटिंगच्या समोर कॅमेरा धरू नका, सेन्सर जळतो. आणि धुळीत लेन्स बदलू नका. एक लेन्स लावून जा, त्याच लेन्सने परत या. साखर कारखान्याच्या पॅनजवळ किंवा काहिलीजवळ गेल्या गेल्या काचेवर वाफ धरते. पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा गरम होऊ द्या, पुसत बसू नका.

७. यंत्रापाशी माणूस

याबद्दल दोन मतं आहेत आणि मी एका बाजूचा आहे. स्वातंत्र्यानंतर उभ्या राहणाऱ्या भारतीय कारखान्यांचे कृष्णधवल फोटो मुंबईच्या मित्तर बेदींनी काढले, कारखान्यांनीच बोलावून काढून घेतलेले. पोलादापासून तेलशुद्धीकरणापर्यंत. ती भव्यता बघायला मला आवडते. पण हात शिवशिवतात ते लुईस हाइनचा १९२० चा फोटो बघून: वीजघरातला मेकॅनिक, हातात पाना, वाकलेला, आणि त्याच्या पाठीची कमान यंत्राच्या गोलाईत अशी बसलेली की यंत्र त्याच्या मापाने ओतलंय असं वाटावं. हाइनने त्याला नीट उभं करून तो काढलेला आहे. तेव्हा 'जरा असे उभे राहा' म्हणण्यात कमीपणा नाही. फक्त यंत्र बंद असताना म्हणा.

माणसाला विचारून काढा. मालकाने परवानगी दिली म्हणजे कामगाराने दिली असं नाही. हातांचे फोटो काढा. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरचा अंगठा, मागवाल्याचं कांडी (धोट्यातली धाग्याची नळी) भरतानाचं बोट, ते यंत्राइतकंच झिजलेलं असतं. मान खाली घालून काम करणाऱ्याला 'हसा' म्हणू नका.

८. घरी आल्यावर

यंत्राच्या पत्र्याचा, ओतीव अक्षरांचा एक फोटो काढलेला असू द्या. जुन्या मागांवर लँकेशायरमधल्या गावांची नावं लोखंडात ओतलेली सापडतात. फोटोखाली यंत्राचं नाव, गाव, तारीख, शटर लिहा. दोन वर्षांनी आठवत नाही.

आणि छापील प्रती द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगच्या खाली गाडला जातो. सहा बाय आठची प्रत काही फार महाग पडत नाही. एक मालकाला, एक यंत्रावरच्या माणसाला, हे न चुकता करा. पुढच्या वेळची परवानगी त्यातच असते.

मामांना १/१०० चा फोटो नेऊन दिला. पट्ट्याचा पाण्यासारखा ओघळ, त्यात सांध्याची पुसट पट्टी, मागे पिठाने पांढरी झालेली भिंत. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला, मग म्हणाले, "सांदा ढिला झालाय की ओ." आणि मोटार बंद करून पाना शोधायला गेले.